चौदाव्या रकान्यातले साडेआठ

फॉर्ममधले पहिले तेरा रकाने मी कंपनीच्या बसमध्येच, एका दमात भरले. मुलीचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, आईचं शिक्षण, वडिलांचं शिक्षण, मूल कोणत्या हाताने जेवतं. कशातच लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. चौदाव्या रकान्यापाशी मात्र माझं पेन थांबलं. 'पाल्य रात्री किती वाजता झोपते?' असा प्रश्न होता आणि पुढे उत्तरासाठी बोटभर जागा.

शाळेचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. एवढंच सांगतो, की कोथरूडात राहणाऱ्या आईबापांना या शाळेच्या बालवर्गात प्रवेश मिळाला की ते पेढे वाटतात, आणि नाही मिळाला की वर्षभर खाली मान घालून जिना चढतात. त्यात मी जन्माचा भित्रा. गॅस बंद केला का हे बघायला मी बसस्टॉपवरून परत आलेलो आहे. एकदा तर गॅस बंद आहे हे बघून खाली गेलो आणि पंखा चालू राहिला म्हणून पुन्हा वर आलो, तोवर बस गेली.

आमची नंदू, म्हणजे राजनंदिनी, वय वर्षं पावणेचार, रात्री अकराला झोपायची. याला कारण मीच. माझी कंपनी हिंजवडीला. कंपनीची बस संध्याकाळी दोनदा सुटते, साडेसहाला आणि साडेआठला. साडेसहाच्या बसमध्ये कोण बसतं ते मला सांगता येणार नाही, कारण ती बस मी फक्त तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलेली आहे. सात वाजता अमेरिकेतून साहेबांचा फोन येतो. तिकडे त्यांची सकाळ नुकतीच झालेली असते, त्यामुळे ते उत्साहात असतात. मग साडेआठची बस अर्ध्या पुण्याला प्रदक्षिणा घालून मला दहाला घरी सोडते. नंदू तोवर डोळे ताणून दारात बसलेली असते. मग मी जेवतो, घोडा होतो, दोन गोष्टी सांगतो, आणि अकरा वाजतात.

मी खरं तेच लिहिलं: अकरा.

"सुदर्शन, वेड लागलंय का तुला?" फॉर्म बघून नम्रता म्हणाली. ती कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे कमी शब्दांत बोलते.

नेमके तेव्हाच समोरच्या ब्लॉकमधले गोपाळकृष्ण काका आमचं वर्तमानपत्र वाचायला आले होते. वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांनी फॉर्म उचलला. "अकरा?" ते म्हणाले. "मुलगी आहे का रखवालदार?"

"काका, पण शाळेला कशाला हवंय हे?"

"तुम्हाला काय वाटतं, रक्तगट बघून प्रवेश देतात? अहो, या रकान्यावरून घराचं वळण कळतं. आमच्याकडे सातला शुभंकरोति, आठला वरणभात, साडेआठला सगळी पोरं आडवी."

"सगळी?"

"घरात दिवा एकच होता. तो वडील घेऊन जायचे. उरलेल्यांनी करायचं काय?"

एवढं बोलून काका आमचं वर्तमानपत्र घेऊन गेले. मी कपाटातून पांढरी शाई काढली, 'अकरा'वर फासली, फुंकर घालून वाळवली आणि वर 'साडेआठ' लिहिलं. आयुष्यात इतकं वाईट अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

शाळेतल्या कारकुनाने फॉर्म हातात घेतला आणि उजेडाकडे धरला.

"हे काय आहे?"

"साडेआठ."

"ते वर आहे. खाली काय आहे?"

मी पाकिटातले पैसे मोजू लागलो.

"खाली अकरा दिसतायत," ते म्हणाले. "खाडाखोड चालत नाही. फॉर्मच्या मागे सूचना क्रमांक नऊ."

"मग नवा फॉर्म द्या ना."

"एका पाल्याला एकच फॉर्म. सूचना क्रमांक दोन. प्रतिज्ञापत्र करून आणा."

"कशाचं?"

"झोपेचं," कारकून म्हणाले आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शिवाजीनगरला कोर्टाबाहेर गेलो. तिथे झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेल्या गृहस्थांकडे नावात बदल, हरवलेलं रेशनकार्ड, शिक्षणातला खंड, अशा सगळ्या संकटांचे मसुदे तयार होते. माझं काम ऐकून त्यांनी चष्मा वर केला.

"झोपेचा मसुदा नाही आपल्याकडे. रहिवासाचा घेऊ. त्यातलं 'राहते' काढू, 'झोपते' घालू. काय?"

त्यांनी खडखडाट सुरू केला. मी कागद हातात घेऊन वाचला. 'सदर पाल्य वरील पत्त्यावर गेली चार वर्षे सलग झोपते.'

"अहो, सलग चार वर्षं झोपते असं झालंय."

"रहिवासाला सलगच लागतं."

"पण माझी मुलगी मधूनमधून उठते हो."

त्यांनी नाइलाजाने दुसरा कागद घातला. शेवटी जे तयार झालं ते असं: 'माझी कन्या कु. राजनंदिनी ही वरील पत्त्यावर दररोज रात्री साडेआठ वाजता, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता झोपते. वरील माहिती खोटी आढळल्यास मी भारतीय दंड संहितेनुसार शिक्षेस पात्र राहीन.' मी सही केली, नोटरीने लाल शिक्का मारला. परतताना रिक्षात मी तो कागद चार वेळा वाचला. त्यातलं 'स्वखुशीने' हे तर धडधडीत खोटं होतं. नंदू आजवर एकदाही स्वखुशीने झोपलेली नव्हती.

कारकुनाने प्रतिज्ञापत्र घेतलं, मुलाखतीची तारीख दिली आणि वर सांगितलं, "बाई मुलालाच विचारतात हं, काय ते." मुलाखत तीन आठवड्यांवर होती.

आता दोनच मार्ग उरले होते. एक तर नंदूला साडेआठला झोपवायचं, नाहीतर मी तुरुंगात जायचं. तुरुंगात जाणाऱ्याच्या मुलीला त्या शाळेत प्रवेश मिळत असेल असं मला वाटेना. फॉर्ममध्ये वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता.

नम्रताने रविवारी पुठ्ठ्यावर घड्याळ काढलं आणि नंदूला शिकवलं. छोटा काटा आठ आणि नऊच्या मध्ये, मोठा काटा सहावर, म्हणजे साडेआठ. साडेआठ म्हणजे झोपायचं. नंदू हे इतकं पटकन शिकली की आम्ही दोघं कृतार्थ झालो. आमच्या हॉलमध्ये शोकेसच्या वर बापूंचं मोठं घड्याळ आहे. बापू म्हणजे माझे वडील, बापूराव. तारखात्यातून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना ते दिलं होतं. रोज सकाळी सातच्या बातम्यांना रेडिओवर टोले पडले की बापू वर बघतात आणि मान हलवतात. ते मनगटावर घड्याळ बांधत नाहीत. भिंतीवर आहे ना, म्हणतात.

सोमवारी ठीक साडेआठला, मी हिंजवडीत बसमध्ये चढत असताना, नम्रताने नंदूला घड्याळ दाखवलं. नंदूने काटे तपासले, मान्य केलं, गादीवर आडवी झाली आणि म्हणाली, "बाबा कुठेय?" मग उठून दारात जाऊन बसली.

दहाला मी आलो. "चला, झोपायचं," मी म्हणालो.

नंदूने घड्याळाकडे बोट केलं. "आता साडेआठ नाहीयेत. आता झोपायचं नसतं."

मी समजावलं, नम्रताने दटावलं, बापूंनी तांबडा समुद्र ओलांडणाऱ्या तारांची गोष्ट सांगितली, तिने तर मलाच झोप आली. नंदूचं म्हणणं साधं होतं आणि आम्हीच शिकवलेलं होतं. मोठा काटा सहावर नाही. त्या दिवशी पावणेबारा वाजले. म्हणजे शिस्त लावायच्या आधी अकराला झोपणारी मुलगी शिस्त लावल्यावर पावणेबाराला झोपली.

मंगळवारी तोच प्रकार. बुधवारी बापू आपल्या खोलीत झोपलेले होते, नम्रता ओटा पुसत होती, मुलाखत अडीच आठवड्यांवर आली होती. माझं डोकं फिरलं. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, वर चढलो आणि काटे मागे फिरवले.

"बघ," मी म्हणालो. "वाजले साडेआठ."

नंदूने खालून नीट पाहिलं. छोटा काटा मध्ये. मोठा काटा सहावर. ती गुपचूप आत गेली, माझं बोट धरलं आणि पाच मिनिटांत झोपली.

मी कित्येक वर्षांत इतका खूश झालो नव्हतो. प्रतिज्ञापत्रात 'साडेआठ' होतं, कुणाच्या घड्याळात ते लिहिलेलंच नव्हतं. शिवाय मी कामाच्या सवयीने हिशेब केला, तर पुण्यात दहा वाजतात तेव्हा दुबईत बरोबर साडेआठच झालेले असतात. म्हणजे साडेआठ हे काही खोटं नव्हतं. माझी मुलगी फक्त दुबईच्या वेळेने झोपत होती. प्रतिज्ञापत्रावर 'स्थळ: पुणे' असं होतं, तेवढीच काय ती अडचण.

रोजचा क्रम ठरला. दहाला यायचं, खुर्चीवर चढायचं, साडेआठ वाजवायचे, नंदूला झोपवायचं, परत येऊन काटे जागेवर आणायचे. नम्रता म्हणाली, "हे काही बरोबर नाही." मी म्हणालो, "मुलाखतीपर्यंतच." पण मुलांना झोपवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट मी विसरलो होतो. मुलाच्या आधी बाप झोपतो. त्या आठवड्यात तीन वेळा मी नंदूचं बोट धरून तिथेच घोरलो आणि घड्याळ दीड तास मागेच राहिलं. सकाळी आंघोळीला जाताना आठवण झाली, की मी ते गुपचूप पुढे करायचो. घरात कुणी काही बोललं नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलेलं नाही अशी मी समजूत करून घेतली.

पुढच्या गुरुवारी मी घरी आलो तर भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता पांढरा गोल.

"बापू दुपारी बुधवार पेठेत दुरुस्तीला देऊन आले," नम्रता म्हणाली. "मी घरी यायच्या आत."

नंदू त्या गोलाखाली उभी होती. "बाबा, साडेआठ कुठे गेले?"

मी मनगटावरचं घड्याळ दाखवलं, मोबाइल दाखवला, पुठ्ठ्याचं घड्याळ भिंतीवर धरून हात दुखेपर्यंत उभा राहिलो. तिला ते चालेना. तिचे साडेआठ बुधवार पेठेत होते. ती रडली, मग मी रडायच्या बेताला आलो, तेव्हा साडेबाराला कधीतरी ती झोपली.

शनिवारी बापूंबरोबर मी घड्याळ आणायला गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची एक फट होती. आत बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराने घड्याळ पुढे सरकवलं.

"काही झालेलं नाही."

"काही दिवस रात्री दीड तास मागे पडतं आणि आठच्या सुमाराला आपोआप बरोबर होतं," बापू म्हणाले. "मी नोंद ठेवली आहे."

"चाळीस वर्षं घड्याळं बघतोय," कारागीर डोळ्याचं भिंग न काढता म्हणाला. "रात्री मागे पडतं आणि सकाळी आपोआप सुधारतं, असं घड्याळ नसतं. असा माणूस असतो. तो आम्ही दुरुस्त करत नाही."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी रिक्षा शोधू लागलो.

मंडईपाशी रिक्षा गर्दीत अडकली. घड्याळ बापूंच्या मांडीवर होतं. मी सगळं सांगितलं: रकाना, पांढरी शाई, नोटरी, दुबई. बापूंनी मांडीवरचं घड्याळ सरळ केलं.

"या सोमवारी मी पाचला उठलो," ते म्हणाले. "म्हणजे घड्याळात पाच होते. टेकडीवर गेलो तर आमची मंडळी उतरत होती. 'बापूराव, आज उशीर?' मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ऊन आलेलं होतं. बुधवारी पुन्हा तेच. मग मी डॉक्टरांकडे जाऊन आलो."

"डॉक्टरांकडे? कशाला?"

"म्हटलं, मला वेळ कळेनाशी झालीय. माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही ठणठणीत आहात." बापूंनी घड्याळाच्या काचेवरून हात फिरवला. "घड्याळावर शंका घ्यायच्या आधी मी स्वतःवर घेतली रे. हे खोटं सांगेल असं वाटलंच नाही."

मला इतकी शरम वाटली की मी रिक्षाच्या बाहेर बघत बसलो. एका रकान्यापायी मी शाळेला फसवायला निघालो होतो, आणि फसले कोण, तर घरातला एकमेव माणूस, ज्याने जन्मभर दुसऱ्यांना वेळेवर निरोप पोचवले.

"चुकलो, बापू," मी म्हणालो.

"मुलाखत कधी आहे?"

"पुढच्या शनिवारी."

"तोवर रात्री तू मागे घे. तू झोपलास तर मी उठून पुढे घेईन. तिची झोप मोडायला नको." आणि थोडं थांबून म्हणाले, "पण सांगून करायचं. घरातल्यांना न सांगता वेळ बदलत नाहीत."

मुलाखतीच्या दिवशी आम्ही अर्धा तास आधी पोचलो. मी घरून निघताना दोनदा गॅस बघितला होता. गोपाळकृष्ण काकांनी जिन्यात नंदूची उजळणी घेतली होती. "किती वाजता? हां, साडेआठ. पुढे एक अक्षर बोलायचं नाही."

मुख्याध्यापिकाबाई साठीच्या, सुती साडीतल्या, शांत. टेबलावर आमचा फॉर्म आणि त्याला टाचलेलं ते लाल शिक्क्याचं प्रतिज्ञापत्र. नंदूने रंग सांगितले, दहा आकडे म्हटले, बेडकाचा आवाज काढला. मग बाईंनी फॉर्म पुढे ओढला. मी खुर्चीच्या कडेवर सरकलो.

"नंदू, तू रात्री कधी झोपतेस गं?"

"साडेआठ वाजता."

नम्रताने माझा हात दाबला.

"अरे वा. आणि साडेआठ वाजले हे तुला कसं कळतं?"

"छोटा काटा मध्ये, मोठा काटा सहावर," नंदू म्हणाली. बाई हसल्या. तिथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण हसणाऱ्या माणसाला नंदू सगळं सांगते. "आधी बाबा येतो. मग बाबा खुर्चीवर चढतो आणि साडेआठ वाजवतो."

बाई टेबलावरून पुढे वाकल्या.

"आणि बाबा आला नाही तर?" बाईंनी विचारलं.

नंदूला हा प्रश्न फारच सोपा वाटला. "मग साडेआठ वाजतच नाहीत," ती म्हणाली.

मी उभा राहिलो. का ते मला माहीत नाही. बहुधा अटक करून घ्यायला.

"बसा हो," बाई म्हणाल्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र उचललं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. "स्वखुशीने," त्या स्वतःशी म्हणाल्या. "यात एवढं खरं दिसतंय." मग त्यांनी पेन उघडलं, चौदाव्या रकान्यातलं माझं साडेआठ एका रेघेत खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'वडील आल्यावर'. मला सूचना क्रमांक नऊची आठवण करून द्यावीशी वाटली, पण धीर झाला नाही.

"तुम्ही कामावरून किती वाजता निघता?"

"साडेआठच्या बसने."

"त्याआधी बस नाही?"

"आहे," मी म्हणालो. "साडेसहाला."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यांनी नंदूला एक खडू दिला आणि पुढच्या पाल्याला बोलावलं.

दहा दिवसांनी यादी लागली. शेवटून दुसरं नाव नंदूचं होतं. काकांनी ते 'आपल्या उजळणीमुळे' असं सगळ्या जिन्याला सांगितलं. मी पेढे आणले, पण स्वतः एकही खाल्ला नाही. मग पेढे वाटतावाटता नम्रता म्हणाली, "साहेबांना विचारून तर बघ."

सोमवारी फोनवर मी साहेबांना एका दमात विचारलं. आठवड्यातून दोनदा फोन सातऐवजी सहाला घेता येईल का? सहा म्हणजे तिकडे त्यांचे सकाळचे साडेआठ. नोकरी गेली तर काय, याचा विचार मी आदल्या रात्री करून ठेवला होता. साहेब म्हणाले, बरं चालेल, आणि पुढच्या विषयाकडे वळले. मी तीन वर्षं त्या खिडकीतून साडेसहाची बस बघत होतो.

गुरुवारी मी तिच्यात चढलो. आत बरीच माणसं होती, सगळी साधीच दिसत होती. आठ वाजून दहा मिनिटांनी मी घरात पाऊल टाकलं. नंदू दारात नव्हती, कारण ही दारात बसायची वेळच नव्हती. ती बापूंच्या पायाशी बसून चित्र रंगवत होती. मला बघून ती पळत आली, पण तिच्या डोळ्यांत संशय होता. मी जेवलो, घोडा झालो. मग घड्याळाकडे बोट केलं. छोटा काटा आठ आणि नऊच्या मध्ये होता, मोठा काटा सहावर.

"चल," मी म्हणालो. "वाजले साडेआठ."

नंदूने मान हलवली. "नाही वाजले. तू वाजवले नाहीस."

"अगं, आज खरेच वाजलेत. आपोआप."

"आपोआप नाही वाजत," ती म्हणाली आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची स्वतःच ओढू लागली. "तू वाजव."

मी नम्रताकडे पाहिलं. तिने पदराने डोळे पुसले आणि फोडणी लागली म्हणाली, गॅस तर बंद होता. मी खुर्चीवर चढलो. काच उघडली, काट्याला बोट लावलं.

बापूंनी खालून वर्तमानपत्राच्या आडून पाहिलं. "नुसता हात लाव," ते म्हणाले. "हलवू नकोस. आज बरोबर आहे."